रिट्रीव्हर घ्यायचाय: शिकारीच्या कामाचा आणि घरात रमणारा, दोन्ही एकात मिळतो का?

मळेकरी

राम राम मंडळी. घरात कुत्रं आणायचं पक्कं झालंय, कुठलं आणायचं यावर गाडं अडलंय. घर कोल्हापुरात कळंब्याच्या अंगाला, मळा नदीकाठी. घरात आई, बायको, नऊ वर्षांची पोरगी आणि पाच वर्षांचं पोरगं. आजोबांच्या वेळी घरात बंदूक होती. परवान्यावर तितर, लावे, थंडीत बदकं मारायचे. त्यांच्याकडं काळं लॅब्रॅडॉर होतं. पाण्यात पडलेलं बदक ते असं आणून द्यायचं की पीस विस्कटायचं नाही, असं आई अजून सांगते.

मला तसलं कुत्रं, म्हणजे पडलेलं पाखरू आणून देणारा रिट्रीव्हर, पाहिजे. मळ्यात दिवसभर बरोबर फिरणारं, पाण्याला न भिणारं, आणि संध्याकाळी पोरांनी कान ओढले तरी गप पडून राहणारं. असं दोन्ही एकाच जनावरात मिळतं का? लॅब घ्यावा की गोल्डन? आणि पाखरांच्या शिकारीला हल्ली कुठं परवानगी मिळते का तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

तांबडापांढरा

लॅबच आण भावा. फकस्त मटणाचं पातेलं वरच्या फळीवर ठेव. शिकार पहिल्यांदा तिथंच हुत्या.

पाखरूवेडा

मळेकरीदादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. परवानगी मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात शिकारीच्या परवान्यांची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीत काढून टाकली. तितर, लावा, रानकोंबडा, बदकं, सगळे संरक्षित आहेत. आणि नुसतं मारणंच गुन्हा असं समजू नका. सापळा लावणं, मारण्यासाठी हाकणं, पाखरांची अंडी किंवा घरटं विस्कटणं हे सगळं कायद्यानं शिकारीतच येतं.

दुसरं, तुमच्या मळ्याभोवती माळ असेल तर तिथं उन्हाळ्यात टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. चंडोल, तितर यांचीही घरटी जमिनीवरच. मोकळं सोडलेलं कुत्रं नुसतं हुंगत फिरलं तरी पाखरू अंड्यावरून उठतं आणि ऊन अंड्यांवर पडतं. त्या दिवसांत माळावर कुत्र्याला दोरीशिवाय नेऊ नका ही कळकळीची विनंती. थंडीत कळंब्याला आणि रंकाळ्याला हळदी-कुंकू बदकं, वारकरी नावाचे पाणपक्षी दिसतात, त्यांच्यातही कुत्रं सोडू नका.

मळेकरी

स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. शिकारीचा विषय संपला. बंदूकही आता घरात नाही. पण तसलं कुत्रं पाहिजे ही इच्छा काही जात नाही. शिकार नसताना शिकारीचं कुत्रं घेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल का, एवढं सांगा.

करवानीप्रेमी

मी म्हणतो विलायती कशाला? कोल्हापूर ही शिकारीची जुनी पंढरी. संस्थानच्या काळात इथं चित्ते पाळून काळवीट धरत होते, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात त्या काळच्या खुणा आजही बघायला मिळतात. आपल्या भागात करवानी हा देशी शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलाय. पलीकडं बागलकोट जिल्ह्यात मुधोळ, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ती जात जपली. २००५ साली पोस्टानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, सैन्यानंही ती कुत्री घेतली. अंगावर केस कमी, ऊन सोसतं, खायला भाकरी चालते, दवाखान्याचा खर्च नगण्य. लॅब एप्रिलात फरशीवर जीभ काढून पडतंय, करवानी त्याच उन्हात पळतंय.

कळंब्याची_सून

करवानीप्रेमी दादा, करवानीबद्दल आदर आहेच, माझ्या माहेरी होता. पण मळेकरी विचारतात ते काम त्याचं नाही. करवानी नजरेनं शिकार करतो. ससा हलला की सुटला, मग तुम्ही बोंबला नाहीतर शिट्ट्या मारा. पकडून मारणं हे त्याचं काम, तोंडात अलगद धरून तुमच्या हातात देणं हे रिट्रीव्हरचं काम. त्यासाठीच तो पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलाय. आणि परक्या माणसाला करवानी लवकर जवळ करत नाही. पाच वर्षांचं पोरगं आणि त्याचे दहा दोस्त असलेल्या घरात हे बघायला पाहिजे.

आमच्याकडं गोल्डन आहे. गोल्डन म्हणजे दाखवायचं कुत्रं असं लोक धरून चालतात. पण त्याची सुरुवातही शिकारीतूनच झालीय. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी नाउस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली, १८६८ मध्ये त्यांना पिवळी पिल्लं झाली, तिथून ही जात वाढवली. आमची मादी आजही बाहेरून आलेल्या प्रत्येक माणसाला काहीतरी तोंडात धरून द्यायला येते. चप्पल, उशी, एकदा सासऱ्यांची पानाची चंची. चंची जशीच्या तशी, सुपारीसुद्धा सांडली नव्हती.

तांबडापांढरा

वहिनी, चंची दिली कुणाला?

कळंब्याची_सून

घरपट्टीच्या बिलासाठी आलेल्या माणसाला. त्यांनी पान लावून खाल्लं आणि मग बिल दिलं.

मिनेसोटाकर

मी मूळचा रुईकर कॉलनीतला, सध्या मुक्काम अमेरिकेत, मिनेसोटात. इथं पाखरांची शिकार कायदेशीर आहे, त्यामुळं रिट्रीव्हर खरं काम करताना हंगामात नेहमी बघायला मिळतो. इथं मोकाट रान नाही. लायसन लागतं, बदकांसाठी वर केंद्र सरकारचा डक स्टॅम्प लागतो. तो १९३४ पासून आहे आणि त्याचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. माणशी दिवसाला किती पाखरं हे ठरलेलं. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, १९९१ पासून साऱ्या देशात बंदी आहे. तळ्याच्या तळाशी बसलेलं शिसं बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात, म्हणून.

आता कुत्रं. बदकाच्या शिकारीत त्याचा बहुतेक वेळ गप्प बसण्यात जातो. गवताच्या आडोशाला, गार पाण्याच्या कडेला. बदकं येतात, बार होतो, पाखरू पडतं, तरी हुकमाशिवाय जागचं हलायचं नाही. फक्त कुठं पडलं ते डोळ्यांत ठेवायचं. हुकूम मिळाला की सरळ जायचं, उचलायचं, हातात आणून द्यायचं. पडताना दिसलंच नसेल तर मालक शिट्टी आणि हाताच्या खुणेनं दिशा देतो. लांब पाण्यात पोहणारं कुत्रं शिट्टीसरशी मागं वळून बघतं, मालकानं उजवा हात बाजूला केला की उजवीकडं निघतं. हे पहिल्यांदा बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

मळेकरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सांगितल्यावर बसून राहणं, तोंडातली वस्तू न गुरगुरता देणं, आवाजाला न दचकणं, अनोळखी माणसांत आणि दुसऱ्या कुत्र्यांत शांत राहणं. शिकाऱ्याला हेच पाहिजे आणि पाच वर्षांच्या पोराच्या आईलाही हेच पाहिजे. म्हणून दोन्ही एकात मिळतं. इथं शिकारीला नेली जाणारी कितीतरी लॅब्रॅडॉरं रात्री पोरांच्या खोलीतच झोपतात.

अन्याय होईल का, तर पाखरू नसल्यामुळं होत नाही. कुत्र्याला पाखरू पाहिजे असतं त्याहून जास्त तुमच्याबरोबर काम पाहिजे असतं. ते पाखराच्या ऐवजी कॅनव्हासच्या डमीवर, म्हणजे फेकून आणायला लावायच्या गुंडाळीवर भागतं. इथंही वर्षातले मोजके महिने हंगाम असतो, बाकी वेळ सगळे डमीवरच सराव करतात. काम दिलं नाही तर मात्र ते स्वतः काम शोधतं, आणि ते तुमच्या सोफ्यात सापडतं.

शाहूपुरीकर

मला हे सगळं पटत नाही. मिनेसोटात तळी आहेत, थंडी आहे, हंगाम आहे. इथं लोक हौसेनं लॅब आणतात, सहा महिने कौतुक, मग गच्चीवर बांधून ठेवतात. दोन वर्षांत पन्नास किलोचा गोळा. मी सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्यांबरोबर असतो. सोडलेल्या जातिवंत कुत्र्यांत आम्हाला सगळ्यात जास्त लॅबच दिसतात. मळ्यात बरोबर फिरायला आपलं गावठी पिल्लू काय वाईट? हुशार, काटक, इमानी. ज्याला पाखरू मारायचं नाही त्यानं पाखराचं कुत्रं घ्यायचं कारणच काय?

मळेकरी

शाहूपुरीकर, तुमचा राग समजतो. गच्चीवर बांधणार नाही एवढा शब्द देतो. मळ्यात गावठी दोन आहेतच, राखणीला. ती माझ्या बापाचीसुद्धा ऐकत नाहीत, आणि त्यांनी ऐकावं असं मला वाटतही नाही, त्यांचं काम वेगळं. मला पोरांबरोबर काहीतरी शिकवत, शिकत वाढवायचंय.

जनावरांचा_डॉक्टर

दोघांचंही बरोबर आहे. लॅब जाड होतो यात मालकाचा हात असतोच, पण सगळा नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकातला बदल सापडला. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो. अशा कुत्र्याची भूक जास्त असते. त्यामुळं 'मागतोय म्हणजे भूक लागली असेल' हा हिशेब लॅबला लावायचाच नाही. ताटलीत मोजून घालायचं, आणि घरातल्या प्रत्येकानं वेगळी पोळी टाकायची नाही. आजींना हे आधी सांगा, माझ्याकडं येणारी बहुतेक जाड लॅब आजींची लाडकी असतात. नराचं वजन तीस ते छत्तीस किलो, मादीचं पंचवीस ते बत्तीस. हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत.

तांबडा-पांढरा रस्सा, कांदा-लसूण मसाला बंद. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी मोडतो. आणि आपल्याकडं कुणी सांगत नाही ते सांगतो: द्राक्षं आणि बेदाणा. तासगावचे पाहुणे पिशवी घेऊन येतात, पोरं कौतुकानं मूठभर बेदाणा कुत्र्यासमोर धरतात. त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खाल्लेलं कळलं की उलटी, लघवी कशाचीही वाट न बघता दवाखाना गाठा.

मळ्यात फिरणार म्हणजे गोचीड आलीच, तिच्यातून रक्तात जंतू जाऊन ताप येतो. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, खाणं सोडलं, तर रक्त तपासा. पुराच्या काठचा मळा असेल तर लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, लस चुकवू नका, ती दरवर्षी लागते.

कळंब्याची_सून

डॉक्टर, कुसळांचं राहिलं. पावसाळा सरता सरता गवत वाळतं तेव्हा फिरून आलं की मी कंगवा घेऊन बसते. बोटांच्या मधे, काखेत, कानाच्या पाळीच्या आत. गोल्डनच्या कानाला झालर असते, कुसळ तिथं अडकतं आणि टोक पुढं असल्यामुळं आत आतच सरकतं, मागं येत नाही. कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून झाडायला लागलं की समजायचं. बोटांच्या बेचक्यात गेलं तर गाठ येते. लॅबला केस आखूड म्हणून हा ताप कमी, आणि मळ्यासाठी मी हे एकच कारण पुरेसं धरेन. पावसात तर गोल्डन वाळता वाळत नाही. आमच्याकडं जुलै-ऑगस्टात पंखा तिच्यासाठी वेगळा असतो.

आजरा_घनसाळ

उसातही सोडू नका. उसाचं पान डोळ्याला आणि नाकाला चिरतं, आणि आत घोणस असली तर हुंगायला गेलेल्या कुत्र्याच्या तोंडालाच डसते. आमच्याकडं तर गवाही येतो.

अजून एक, शेततळं. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात कुत्रं उडी मारतं, पोहतं, पण कडेवर पाय घसरतात आणि वर येता येत नाही. पट्टीचं पोहणारंही दमून बुडतं. तळ्याभोवती जाळी, आणि काठाला गाठी मारलेला दोर आणि जुनी टायरं सोडून ठेवा. माणसांनाही उपयोगी पडतं.

मळेकरी

शेततळं आहे आमचं! जाळी एका बाजूनं तुटलीय. या आठवड्यात करून घेतो.

रंकाळ्यावर पोहायला नेलं तर चालेल काय?

जनावरांचा_डॉक्टर

नको. केंदाळ, सांडपाणी, आणि पाण्यावर हिरवा तवंग आला असेल तर तो कुत्र्याला विषारी ठरू शकतो. उन्हाळ्यात नदीला स्वच्छ, उथळ, उतार असलेली जागा बघा आणि घरी आल्यावर कान कोरडे करा. लॅबच्या लोंबत्या कानात ओल राहिली की आठवड्यात वास येतो.

पन्हाळवेडी

जरा वेगळं विचारते. आमचा लॅब दिवाळीत मोरीत लपून बसतो. गणपतीत डॉल्बी लागली की थरथरतो. शिकारीचं कुत्रं बंदुकीला भीत नाही, मग आमचाच का भितो?

मिनेसोटाकर

सगळं जन्मजात नसतं ताई. शिकारीचं पिल्लू एकदम बंदुकीसमोर नेत नाहीत. आधी जेवताना लांबून भांड्याचा आवाज, मग लांबवर टाळी, मग अजून मोठा आवाज पण फार अंतरावर, आणि प्रत्येक वेळी आवाजाबरोबर काहीतरी आवडतं. पिल्लू दचकलं की त्या दिवशी तिथंच थांबून अंतर वाढवायचं. नवं पिल्लू पहिल्याच आठवड्यात लक्ष्मीपूजनाच्या माळेजवळ गेलं तर पुढं फार जड जातं. मळेकरी, पिल्लू आणायची वेळ ठरवताना दिवाळी टाळता आली तर टाळाच.

डमीचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला डमी नको, जुना मोजा गुंडाळून घ्या. घरातला अरुंद बोळ शोधा, दोन्ही बाजूंची दारं लावून घ्या, तुम्ही एका टोकाला गुडघ्यावर बसा आणि मोजा दोन-तीन हात पुढं टाका. पिल्लू उचलेल, आणि पळायला दुसरी वाटच नसल्यामुळं तुमच्याकडंच येईल. आल्याबरोबर मोजा हिसकावू नका. तो तोंडात तसाच राहू द्या आणि गळ्याखाली, छातीला खाजवा. आणून दिलं की आपलं जातं असं त्याला वाटलं तर ते यायचंच बंद होतं. मग हळूच हात खाली धरा, सोडलं की शाबासकी. दोन-तीनदा झालं की बंद, अजून पाहिजे असं वाटत असतानाच. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, हिरड्या दुखतात, तेव्हा सुट्टी.

पोरांना एवढंच सांगा: दोरीची ओढाओढ नाही, आणि त्याच्या तोंडात काही असताना मागं धावायचं नाही. या दोन खेळांनी मऊ तोंडाचं कुत्रं कडक होतं. पुढं डमीला पिसं बांधतात, पाखराचा वास कळावा म्हणून.

कळंब्याची_सून

पिसाचं इथं करू नका. मळ्यात कोंबड्या असतात, शेजाऱ्याच्याही असतात. पिसाचा नाद लावायचा आणि मग कोंबडीकडं बघू नको म्हणायचं, हे त्या मुक्या जनावराला कसं कळणार? नुसत्या कापडाची डमी पुरे.

मिनेसोटाकर

वहिनींचं बरोबर. शिकार नाहीच तर पिसांची गरजही नाही.

करवानीप्रेमी

हे सगळं वाचून रिट्रीव्हरबद्दल जरा मत बदललं. तरी उन्हाचं काय ते सांगा कुणीतरी.

जनावरांचा_डॉक्टर

उन्हाचं तुमचं म्हणणं खरं आहे. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रात मासेमाऱ्यांबरोबर काम करायचे. अंगावर दुहेरी केस आणि तेलकट थर त्यासाठीच. मार्च ते मे सकाळी लवकर आणि सूर्य बुडाल्यावरच काम, दुपारी सावली आणि पाणी. आणि उन्हाळ्यात अंगाची हजामत करू नका, तो थर ऊनही अडवतो.

मळेकरी

कुसळं, पावसातली ओल आणि डॉक्टरांचं ऐकून मन लॅबकडं झुकलंय. कळंब्याच्या वहिनी, गोल्डनवर राग नाही बरं का. आता नर की मादी, आणि रंग? पोरगीला चॉकलेटी पाहिजे. रविवारी सांगलीकडं पिल्लं बघायला जायचा बेत आहे.

जनावरांचा_डॉक्टर

कामाला रंगानं काही फरक पडत नाही. पण ब्रिटनमधल्या लॅब्रॅडॉरांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात चॉकलेटी लॅबचं मध्यम आयुष्य १०.७ वर्षं निघालं, बाकी रंगांचं १२.१. कानाचे आणि कातडीचे आजारही चॉकलेटीत जास्त होते. तो रंग मिळवायला मोजक्याच कुत्र्यांतून पैदास होत राहते, हे कारण असावं. पोरगीला काळ्याची ओढ लावा. शिकवून वाढवायचं पहिलंच कुत्रं आणि घरात लहान पोरं म्हणून मी मादी सुचवेन, अंगानं हलकी पडते.

रंगापेक्षा आईबाप बघा. लॅबमध्ये आता दोन फाटे आहेत. शोचा वंश रुंद छातीचा, आखूड पायाचा, थोडा निवांत. शिकारीच्या कामाचा वंश सडपातळ, उंच, दिवसभर न दमणारा. तुम्ही नोकरी-धंदा सांभाळून सकाळ-संध्याकाळ तासभर देणार असाल तर निव्वळ कामाच्या वंशातलं पिल्लू तुम्हाला दमवेल. आणि फार जड शोचं घेतलंत तर ते मळ्याच्या बांधावर बसून राहील. मधलं शोधा, म्हणजे अंगानं हलक्या पण शांत आईबापांचं.

नितंबाच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्सरे आईबापांचे काढलेत का ते विचारा. डोळ्यांची तपासणी विचारा. लॅबमध्ये जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडून कोसळण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, त्याची जनुकीय चाचणी होते. कामाचं कुत्रं पाहिजे असेल तर तीही विचारा. केनेल क्लबचा नोंदणीचा कागद आणि मायक्रोचिप असावीच, पण कागद म्हणजे तब्येतीची हमी नव्हे.

शाहूपुरीकर

आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देत असेल तर परत या. २०१७ च्या नियमांत ते विकायलाच बंदी आहे, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका. "आई गावाला आहे", "बाप दुसरीकडं आहे" असं सांगितलं तर गाडी वळवा.

घेणारच आहात तर माझं एक ऐका. वर्षा-दीड वर्षाचं, कुणीतरी सोडू बघणारं लॅब एकदा बघाल काय? सांधे कसे आहेत, मुलांशी कसं वागतं, आणून देतं की नाही, हे मोठ्या कुत्र्यात डोळ्यांसमोर दिसतं. पिल्लात अंदाज करावा लागतो. सध्या आमच्याकडं एक काळी मादी आहे, साधारण सव्वा वर्षाची. मालकाची बदली झाली. चेंडू टाकला की आणून हातात देते, हे मी स्वतः बघितलंय.

मळेकरी

काळी मादी? पोरांना घेऊन बघायला येऊ काय? सांगलीचं पुढं ढकलतो.

शाहूपुरीकर

शनिवारी सकाळी या, ऊन व्हायच्या आत. निरोप टाकतो, पत्ता त्यातच. पोरांना सांगा, आल्याआल्या अंगावर धावायचं नाही, तिला जवळ येऊ द्या. आणि एका भेटीत ठरवू नका, दुसऱ्यांदा आईंना घेऊन या.

मिनेसोटाकर

जाताना गुंडाळलेला मोजा खिशात ठेवा. चेंडू उसळतो म्हणून कुठलंही कुत्रं मागं पळतं, मोजा पडून राहतो. तो उचलून आणते का, आणि हातात देताना तोंड कसं सैल सोडते, ते बघा. मग भांडं फरशीवर पाडून बघा. दचकली तरी चालेल, दचकून परत तिथं हुंगायला येते का ते महत्त्वाचं.

जनावरांचा_डॉक्टर

घ्यायचं ठरलं तर घरी नेण्याआधी रक्त तपासून घ्या, गोचीडतापाचं आणि मूत्रपिंडाचं दोन्ही. नितंबाचा एक्सरे या वयात स्पष्ट येतो, तोही काढा. रिपोर्ट इथं टाका, बघून सांगतो.